पान बंद करण्याचे कारण

बारनिशीकाकांनी जन्मात एकही पत्र अनुत्तरित ठेवलं नाही, आणि या एकाच सद्गुणापायी अख्खी इमारत गोत्यात आली.

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नाही. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीत बारनिशी सांभाळली. बारनिशी म्हणजे दाराजवळचं ते टेबल, जिथे आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का बसतो, नंबर पडतो, आणि मग तो कागद पुढे कुठल्या टेबलावर जाऊन मरतो त्याचीही नोंद होते. निवृत्तीनंतर काकांचा शिक्का गेला, टेबल गेलं, पण हात काही स्वस्थ बसेना. धोब्याने चिठ्ठी टाकली की "आपली चिठ्ठी मिळाली, मजकूर समजला" असं उत्तर खाली पाठवायचे. धोब्याने शेवटी चिठ्ठ्या टाकणं बंद केलं. सहा महिने काकांना एकही पत्र आलं नाही. माणूस खंगत चालला होता हो!

अशात एका सकाळी संगणक उघडल्या उघडल्या समोर चौकट आली: "आमच्या नव्या ब्राउझरची चाचणी आवृत्ती तयार आहे. सर्वांच्या आधी वापरा आणि आपला मोलाचा अभिप्राय आम्हाला कळवा."

काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मोलाचा. आपला.

"अगं, ऐकलंस का? पत्र आलंय," ते ओरडले.

काकू गॅलरीत होत्या. काकू सदान्‌कदा गॅलरीतच असायच्या. पत्र्याच्या डब्यांत, फुटक्या बादलीत, एका जुन्या हेल्मेटमध्येसुद्धा त्यांनी रोपं लावली होती. त्या हात पुसत आत आल्या, चौकट वाचली आणि म्हणाल्या, "अहो, हे सगळ्यांनाच विचारतात."

"विचारतात सगळ्यांना. पण उत्तर कोण देतं?" काका म्हणाले. हे मात्र खरं होतं.

आता चाचणी आवृत्ती म्हणजे काय, हे ज्याला कळतं तो सहसा तिच्या वाटेला जात नाही. इंटरनेटवरची पानं ज्या खिडकीतून दिसतात ती खिडकी अजून सुतारकामात आहे, खिळे वर आलेत, आणि तुम्ही त्यातून डोकं घालून बघा कुठे लागतंय ते, असा तो मामला. काकांनी डोकं घातलं. घालताना एक प्रश्न आला, "तुम्ही या खिडकीत जे जे लिहाल ते सुधारणेसाठी आम्हाला पाठवावं का?" काकांनी "होय" केलं. कार्यालयापासून लपवायचंय काय? मग जुना ब्राउझर संगणकावरून मुळासकट उपटून टाकला. एका कचेरीत दोन बारनिशा नसतात, हे त्यांचं तत्त्व.

पहिल्या दिवशी त्यांनी तीन सूचना पाठवल्या. विषय, संदर्भ, "महोदय", सगळं रीतसर. प्रत्येकीचा आधी पेन्सिलीने कच्चा मसुदा, मग खाडाखोड, मग टंकलेखन. आणि नवल असं की पाठवल्यावर पापणी लवायच्या आत उत्तर यायचं! "आपली सूचना क्रमांक अमुक अमुक मिळाली. आम्ही ती गांभीर्याने विचारात घेत आहोत. आपला, साहाय्य कक्ष."

काकांचे डोळे भरून आले. चौतीस वर्षांत त्यांनी ज्या एका अधिकाऱ्याची वाट पाहिली होती, तो असा निवृत्तीनंतर भेटला. "रविवारी लिहिलं तरी उत्तर! जेवायच्या सुट्टीत लिहिलं तरी उत्तर! असा कक्षाधिकारी होणे नाही," असं ते येईल त्याला सांगू लागले. शेजारचे दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले, "काका, ते आपोआप येतं." "आपोआप काय येतं डॉक्टर? तुमच्या दवाखान्यात दात आपोआप येतात का?" डॉक्टर स्वभावाने गरीब, म्हणूनच काकांनी त्यांच्याही संगणकावर तीच आवृत्ती चढवली. खालच्या ड्रिलमास्तरांच्यावर तर स्वतः खाली जाऊन चढवली. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, गडी आडमुठा, पण "सर्वांच्या आधी" हे शब्द ऐकल्यावर त्यांच्यातला शर्यतवाला जागा झाला. पंधरा दिवसांत इमारतीतल्या सगळ्या संगणकांवर काकांची खिडकी बसली.

इथे सदतिसाव्या सूचनेची हकीकत सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापासून.

झालं असं, की काका छत्तिसावी सूचना लिहिता लिहिता चहा घ्यायला उठले. तेवढ्यात काकू मिरचीच्या पानांवर पडलेल्या पांढऱ्या ठिपक्यांवर उपाय शोधायला संगणकापाशी आल्या. काम झाल्यावर त्यांनी खिडकी बंद केली. काकांची अडीच पानं त्या खिडकीबरोबर गेली.

"हे पान कुणी बंद केलं?"

"मी."

"का?"

"असंच. झालं होतं माझं."

असंच! त्या शब्दाने काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. कुठलीही गोष्ट "असंच" बंद होते? कचेरीत खिडकीची काच बदलायची तरी टिप्पणी लागते! त्याच रागात त्यांनी सदतिसावी सूचना लिहिली. विषय: पान बंद करणे, पुढे अथवा मागे जाणे या कृतींची कारणासह नोंद होणेबाबत. कलम चारमध्ये त्यांनी स्पष्ट केलं की कारण किमान पन्नास अक्षरांचं असावं, म्हणजे "असंच" लिहून कुणी पळवाट काढणार नाही. एकूण अकरा पानं. साहाय्य कक्षाचं उत्तर नेहमीप्रमाणे झटक्यात आलं आणि काका जेवले.

दरम्यान काकूंच्या आयुष्यात मोठी गोष्ट घडत होती. पाण्याच्या टाकीमागची पडीक जागा पालिका नागरिकांना बागेसाठी देणार होती. चोवीस वाफे. या वाफ्यांची चर्चा नऊ वर्षं चालली होती आणि नऊ वर्षं काकू त्या कुंपणाला हात लावून घरी येत होत्या. आता ठरलं: येत्या गुरुवारी, सकाळी दहा ते साडेदहा, अर्ज फक्त संगणकावरून. जो आधी भरेल त्याला आधी. परत अशी संधी कधी, ते पालिकेलाही माहीत नव्हतं.

"तुम्ही भराल ना?" काकूंनी विचारलं. "मला चुकायला नको आहे हो."

"अर्ज भरायचा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ," काका म्हणाले. खरं म्हणजे त्यांनी उभ्या आयुष्यात अर्ज घेतले होते, भरला एकही नव्हता.

मंगळवारी ब्राउझरची नवी सुधारित आवृत्ती आली. काकांनी एक पान उघडलं, वाचलं आणि बंद करायला गेले, तर समोर नवी चौकट: "पान बंद करण्याचे कारण नोंदवा. (किमान पन्नास अक्षरे.)" खाली बारीक टाइपात लिहिलं होतं, "ही सोय वापरकर्ता क्रमांक ४४१७ यांच्या सूचनेवरून. आम्ही त्यांचे आभारी आहोत."

चार हजार चारशे सतरा म्हणजे काका!

ते खुर्चीतून उठून उभे राहिले. एवढा मान त्यांना निरोपसमारंभातसुद्धा मिळाला नव्हता. तिथे साहेबांनी भाषणात त्यांचं नाव चुकवलं होतं आणि घड्याळ दुसऱ्याच्या हातात दिलं होतं. काकांनी कृतज्ञतेने, तब्बल दोनशे अक्षरांत कारण लिहून ते पान बंद केलं.

तासाभरात ड्रिलमास्तर जिना चढून वर आले. "काका, मी शर्यतीचा व्हिडिओ बघतोय. पाच मिनिटांचा व्हिडिओ, बंद करायला सात मिनिटं! कारण काय लिहू? संपला म्हणून बंद केला, आणखी काय?"

"तेच सविस्तर लिहायचं."

"मी एक दोन एक दोन एक दोन लिहितो पन्नास होईपर्यंत."

"ते नियमात बसत नाही मास्तर."

"चौकटीत बसतं!" मास्तर म्हणाले आणि पाय आपटत गेले.

डॉक्टरांची गत आणखी वाईट. पेशंट आ वासून बसलेला, भूल चढलेली, आणि डॉक्टर दाताचा पुढचा फोटो बघायला गेले तर संगणक विचारतोय कारण. डॉक्टरांनी दातांच्या दुखण्याची पन्नास अक्षरं लिहीपर्यंत भूल उतरली. पेशंटने जे कारण सांगितलं ते पन्नासपेक्षा पुष्कळ जास्त अक्षरांचं होतं, पण चौकटीत लिहिण्यासारखं नव्हतं.

हे झालं इमारतीपुरतं. ब्राउझरच्या वापरकर्त्यांचं एक चर्चापान होतं, तिथे तर आग लागली होती. काका बुधवारी सकाळी ऐटीत ते उघडायला गेले. आपलं कौतुक वाचायचं होतं ना! "माजी आशावादी" नावाच्या गृहस्थाने लिहिलं होतं, "कारण: तुम्ही. कारण: तुम्ही. कारण: तुम्ही. तुमच्या खानदानात कुणी सुखाने पान बंद केलं नसावं." एका बाईंनी विचारलं होतं की हा ४४१७ विवाहित आहे का, आणि असल्यास त्या माउलीला आमचा नमस्कार कळवा. एकजण पन्नास पन्नास अक्षरांत आत्मचरित्र लिहीत होता आणि त्याची मुंज... छे, त्याचं बालपणच अजून संपलं नव्हतं. एकाने पान बंदच करायचं नाही असा सत्याग्रह सुरू केला होता. त्याची दोनशे सहासष्ट पानं उघडी होती आणि संगणकावर त्याने पंखा धरला होता. एकच माणूस बाजूने बोलत होता. तो म्हणे, या चौकटीमुळे मला प्रथमच कळलं की मी दिवसभर काहीही कारण नसताना जगतो.

काका घाईघाईने चर्चापान बंद करायला गेले. चौकट आली. कारण?

काकांनी बराच वेळ कर्सरकडे बघितलं. मग लिहिलं, "कार्यबाहुल्यामुळे तसेच अन्य अपरिहार्य प्रशासकीय कारणास्तव प्रस्तुत पानाचे वाचन तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे, ही विनंती." विनंती कसली आणि कुणाला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"अहो," काकू मागून म्हणाल्या, "उद्यासाठी ते जुनं परत घालून घ्या ना. मास्तर म्हणत होते..."

"मास्तरांचं काय ऐकतेस? चार लोक ओरडतात म्हणून मागे फिरायचं? कक्षाधिकाऱ्यांना काय वाटेल?"

काकू काही बोलल्या नाहीत. गप्प बसलेल्या बायकोइतकं धोक्याचं काही नसतं, पण काकांना ती नोंद घ्यायची सुचली नाही.

गुरुवारी दहाला दहा कमी असताना काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून संगणकापुढे बसले. शेजारी दोन पेन्सिली, कोरे कागद, खोडरबर. मागे स्टुलावर काकू. दहाच्या ठोक्याला पालिकेचा अर्ज उघडला. चार पानी अर्ज. कोपऱ्यात आकडा: शिल्लक वाफे चोवीस.

पहिलं पान. अर्जदाराचं नाव. काकांनी झोकात आपलं नाव लिहिलं. पत्ता लिहिला. पुढचं पान मागितलं. चौकट आली, पुढे जाण्याचे कारण नोंदवा. काकांनी कागद ओढला आणि पेन्सिलीने मसुदा करायला घेतला.

"मसुदा कशाला?" काकू किंचाळल्या.

"अगं, हे रेकॉर्डवर राहतं."

शिल्लक वाफे एकोणीस.

दुसऱ्या पानावर प्रश्न होता, अर्जदारास बागकामाचा किती वर्षांचा अनुभव आहे? काकांनी मागे वळून विचारलं, "किती लिहू?"

"बत्तीस."

"अगं, पण अर्जदार मी आहे. मला कुठे अनुभव आहे? खोटं कसं लिहू?"

"तुम्ही कसे अर्जदार? वाफा मला हवाय! तुम्ही स्वतःचं नाव घातलंत?"

घातलं होतं. चौतीस वर्षं कागदावर खाली आपलीच सही करायची सवय. म्हणजे मागे जाणं आलं. मागे जाण्याचे कारण नोंदवा. काकांनी लिहायला घेतलं, "उपरोक्त अर्जात अनवधानाने..." मग "अनवधानाने" वर थांबले. चूक आपली आहे असं लेखी देण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. त्यांनी ते खोडून "तांत्रिक कारणास्तव" केलं. मग तेही पटेना. शिल्लक वाफे चौदा.

"लिहा हो काहीही!"

"काहीही कसं लिहू? ही सोय माझ्याच..." काका बोलता बोलता अडखळले.

"तुमच्याच काय?"

काकूंनी चौकटीखालचा बारीक टाइप पहिल्यांदाच नीट वाचला. वापरकर्ता क्रमांक ४४१७. हा आकडा काकांनी कौतुकाने कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, त्यामुळे तो काकूंनाही पाठ होता.

"हे तुम्ही सुचवलंत?" त्यांनी विचारलं. "का?"

"तू त्या दिवशी माझं पान..." काका पुटपुटले, "असंच म्हणालीस."

काकूंचा चेहरा लाल झाला. शिल्लक वाफे नऊ. त्यांनी शांतपणे काकांच्या खुर्चीला मागून धरलं आणि काकांसकट ती भिंतीपर्यंत ढकलून दिली. खुर्चीला चाकं होती हे त्या दिवशी काकांना कळलं. मग काकू उभ्याउभ्याच लिहू लागल्या. मागे जाण्याचं कारण त्यांनी एका बोटाने लिहिलं. पुढे जाण्याचं लिहिलं. नाव बदललं, बत्तीस घातले, काय लावणार तिथे टोमॅटो, मिरची, पालक, भोपळा लिहिलं. आकडा सहावर आला, चारवर आला. एकदा दोन अक्षरं कमी पडली तर चौकट लाल झाली. काकूंनी तिला जे म्हटलं ते काकांनी आजवर त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

शेवटचं पान. अर्ज पाठवा. चौकट. शिल्लक वाफे दोन. काकूंचं बोट भराभर चाललं, त्यांनी बटण दाबलं, आणि समोर आलं, "अर्ज मिळाला. छाननीनंतर पत्राने कळवू."

काकू गॅलरीत गेल्या.

काका खुर्ची चालवत परत टेबलाशी आले. काकूंनी शेवटच्या चौकटीत लिहिलेलं अजून तिथेच होतं: "बत्तीस वर्षं पत्र्याच्या डब्यांत झाडं लावतेय. एकदा तरी मुळं खोल जावीत एवढी माती मला हवी आहे. कारणं पुरे, आता बाजूला व्हा."

सवयीने काकांनी अक्षरं मोजली. एक्कावन्न. मग ती ओळ परत वाचली, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. बत्तीस वर्षं ही बाई त्यांच्या पाठीमागच्या गॅलरीत माती मागत होती आणि त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला काय हवंय. बरं, आता उठून जाऊन तिला काही बोलावं तर मसुदा सुचेना. ते तसेच बसून राहिले.

पुढचे चार दिवस घरात बोलणं कामापुरतं होतं. चौकट मात्र शनिवारी एकाएकी नाहीशी झाली. मास्तर खालून ओरडले, "सुटलो!" डॉक्टरांनी एका पेशंटची कवळी फुकट घासून दिली. चर्चापानावर जल्लोष चालला होता, पण ही कृपा कुणाची ते कुणालाच माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी काकांच्या संगणकावर पत्र आलं. पहिल्यांदाच त्याखाली "साहाय्य कक्ष" नव्हतं. लिहिणारी एक मुलगी होती, आणि ती जिवंत होती.

"नमस्कार. आमच्याकडे सूचना यंत्र वाचतं आणि उत्तरही यंत्रच देतं. जी सूचना सर्वांत लांब, ती यंत्र सर्वांत महत्त्वाची धरतं. ४४१७ ची सूचना अकरा पानांची होती. त्यामुळे हा घोटाळा झाला. लाखभर तक्रारी आल्या, त्याही यंत्रानेच वाचल्या. पण गुरुवारी ४४१७ च्या खिडकीतून आलेली एक ओळ मी स्वतः वाचली आणि सगळ्या टेबलांना वाचून दाखवली. त्या दिवशीच चौकट काढायचं ठरलं. ज्यांनी ती लिहिली त्यांना एवढंच विचारायचं होतं: मिळाली का माती?"

काका सुन्न झाले. एकसष्ट पत्रं! मसुद्यासकट! आणि कक्षाधिकारी नावाचा इसम अस्तित्वातच नव्हता. माणसाने उत्तर दिलं ते काय, तर बायकोच्या, खाडाखोड न केलेल्या, "महोदय" नसलेल्या, उभ्याने लिहिलेल्या ओळीला! जिव्हारी लागलं त्यांच्या. पण पत्र तिला आलं होतं, म्हणजे ते तिलाच द्यायला हवं, एवढं बारनिशीचं इमान त्यांच्यात शाबूत होतं.

"अगं," त्यांनी गॅलरीकडे तोंड करून हाक मारली. "तुझं पत्र आहे."

काकू आल्या. वाचलं. ओठ थोडे हलले, पण हसल्या नाहीत.

"उत्तर लिहायला हवं," काका खालच्या आवाजात म्हणाले. "तू सांग, मी लिहितो. तुझ्याच शब्दांत. छाननी चालू आहे, निर्णय कळल्यावर..."

"हो, असं लिहा."

"हो म्हणजे काय? अजून पालिकेचं पत्र कुठे आलंय?"

"आलं. सकाळीच. माझ्या नावाचं होतं, मी फोडलं," काकू म्हणाल्या. "तेविसावा वाफा. टाकीच्या भिंतीलगत. निम्मे दगडच आहेत म्हणे."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग संगणकाकडे वळले आणि लिहिलं, "हो." त्यांचा हात पुढे "महोदया" लिहायला वळवळला, पण त्यांनी तो आवरला.

"आणखी एक ओळ घाला," काकू म्हणाल्या. "नवरा दगड काढतोय."

"मी? मी कुठे काढतोय?"

काकूंनी कोपऱ्यातली पहार उचलून त्यांच्या हातात दिली. काकांनी ती घेतली, मांडीवर आडवी ठेवली, आणि सांगितलं तसं लिहून पत्र पाठवून दिलं.